मांडीवरचं पुस्तक

पुस्तक पहिल्यांदा तोंडातच जाणार. जाऊ दे. सात-आठ महिन्यांचं मूल हाती लागेल ते तोंडानं तपासतं, पुस्तकाला वेगळा न्याय कशाला? पहिली दोन-चार पुस्तकं जाड पुठ्ठ्याची आण, गोल कोपऱ्यांची, ओल्या फडक्यानं पुसता येतील अशी. वर्षाची झाली की लेक पानं उलटायला लागेल, तीही एकदम तीन-तीन. पुस्तक उलटं धरेल, मधूनच उघडेल, शेवटाकडून सुरू करेल. तू एवढंच बघ की पान उलटण्याचं काम तिच्याकडे राहील. वाचायचंही आपण आणि पानही आपणच उलटायचं, मग पोरीच्या वाट्याला नुसतं गप्प बसणं येतं. दोन वर्षांच्या जिवाला ते जमत नाही आणि जमूही नये.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लहान मुलाबरोबर वाचायचं ते त्याला अक्षरं यावीत म्हणून नव्हे. पुस्तक हे गप्पांना निमित्त. चित्र बघताना, गोष्ट ऐकताना पोर जे बोलतं, विचारतं, मध्येच भलतंच काहीतरी आठवून सांगतं, त्यातून शब्द साठत जातात. ज्याच्याकडे शब्दांचा साठा आहे त्याला पुढे अक्षरं जड जात नाहीत. उलट्या वाटेनं नेलेली मुलं बालवाडीत मी पुष्कळ पाहिली. तीन वर्षांची असताना मुळाक्षरं धडाधड म्हणायची, पाहुण्यांपुढे त्यांचा कार्यक्रमच व्हायचा. पहिलीत गेल्यावर ‘परात’ वाचायला दिलं की प, रा, त असं सुटं सुटं म्हणून तोंडाकडे बघत राहायची. घरात परात होती, पण तिला कुणी कधी परात म्हटलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं. शब्द कानात नसेल तर डोळ्यांनी जुळवलेल्या अक्षरांनी करायचं काय?

वेळ कुठून काढू, असं तू म्हणणार. तुझी लोकल, तुझा डबा, घरी येईतो साडेसात. मला तुझी फक्त दहा मिनिटं हवीत, पण रोजच्या कुठल्या तरी कामाला बांधलेली. ओटा आवरला की पुस्तक, किंवा आंघोळ झाली, वेणी घातली की पुस्तक. घड्याळाची वेळ ठरवलीस तर ती चौथ्या दिवशी मोडेल, ओटा मात्र रोज आवरावाच लागतो. झोपताना वाचायचं तर जुनं, पाठ झालेलं पुस्तक घ्यावं. नवं पुस्तक दिवसाउजेडी, पोर ताजंतवानं असताना. झोपेला आलेल्या मुलापुढे नवं पुस्तक उघडलं की ते किरकिरतं, आणि आपण म्हणतो हिला वाचनाची आवडच नाही! आणि तिला नको असेल त्या दिवशी सोडून दे. भाताची वाटी घेऊन मागे धावतात तसं पुस्तक घेऊन धावायचं नाही. अजून हवं असताना थांबावं, दुसऱ्या दिवशी तीच पुस्तक ओढत आणते.

तेच पुस्तक आणेल, हे मात्र गृहीत धर. रोज तेच. तुला उबग येईल, जावईबापू पुस्तक कपाटावर लपवतील (बाप लोक हमखास हेच करतात), पण ते खाली काढून परत वाचायचं. मूल पहिल्या खेपेला चित्रं बघतं, मग गोष्ट कळते, मग पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असण्याची मजा सुरू होते, आणि त्या मजेतच वाक्यंच्या वाक्यं तोंडात बसतात. आपल्या काऊ-चिऊच्या गोष्टीत काय आहे? बाहेर भिजलेला कावळा दार ठोठावतोय आणि आतली चिऊताई दर वेळी बाळाचं एकेक काम सांगून त्याला थांबवतेय. ठोठावणं तेच, उत्तर त्याच चालीचं, बदलतं ते फक्त मधलं काम. लेकीला आंघोळ घालतात, पावडर लावतात, ते सगळं त्या मधल्या जागेत घाल. चार-आठ दिवसांत ती स्वतः कामं सुचवायला लागेल. मग वाक्याचा शेवटचा शब्द तू गाळ आणि नुसती तिच्याकडे बघ. ती भरते. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीतही तेच: वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, म्हातारीचं सांगणं एकच, मी लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते. पुनरुक्ती असलेल्या गोष्टी आधी निवडाव्यात त्या यासाठी. पान मात्र गाळू नकोस. घाईत दोन पानं एकदम उलटलीस तर ती बरोबर पकडते आणि मग पहिल्यापासून वाचावं लागतं.

आता प्रश्नांचं. इथे आया-बाप परीक्षक होतात. ‘हे काय आहे? हा रंग कुठला? किती बदकं आहेत?’ दिवसभर पोरीला हेच विचारतात सगळे, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे. तिलाही ते कळतं बरं का. असं कर: ती ‘माऊ’ म्हणाली की तू म्हण, ‘हो, माऊ. कुठे निघाली गं ही?’

‘दूदू.’

‘दुधाकडे निघालीय! दबकत दबकत. कुणी बघत नाही ना?’

मग थांब. मनात पाच मोजेपर्यंत काही बोलू नकोस. आपल्याला शांतता सोसत नाही, लगेच उत्तर देऊन मोकळे होतो, आणि पोराचं वाक्य जुळत आलेलं असतं ते तिथेच राहतं. ‘दबकत’ हा शब्द तिनं काल ऐकला, परवा ती स्वयंपाकघरात लाडवाच्या डब्याकडे दबकत जाताना तो तोंडानं म्हणत जाईल. तिचं एका शब्दाचं वाक्य तू चार शब्दांचं करून परत द्यायचंस, त्यात चूक दाखवायची नाही. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या घरी हे करून पाहिलं होतं. पुस्तकं सगळ्याच घरांतून वाचली जात होती. काही आई-बापांना तेवढं शिकवलं की मोकळे प्रश्न विचारा, मुलाचं बोलणं वाढवून परत द्या, गोष्ट त्यालाच सांगू द्या. महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं इतरांच्या पुढे गेलेलं दिसलं. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण गोष्ट सांगताना ‘मग काय झालं असेल?’ म्हणून त्या थांबायच्याच की.

पुस्तकातली भाषा आणि घरातली भाषा यांत अंतर असतं, त्याला घाबरू नको. पहिल्या वाचनाला चित्र दाखवत आपल्या बोलीत गोष्ट सांग. तुझ्या सासरी मालवणी बोलतात, तर सासूबाईंना खुशाल मालवणीतून सांगू देत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून जे छापलंय तेच, जसंच्या तसं वाच, शब्दांखालून हलकेच बोट फिरवत. बोट मुद्दाम ‘बघ, इथे लिहिलंय’ असं दाखवायला नको, नुसतं फिरलं की पुरे. डावीकडून उजवीकडे जायचं, ओळ संपली की खाली यायचं, आई बोलते ती चित्रातून नव्हे तर त्या काळ्या खुणांमधून, हे सगळं मूल त्या बोटावरून उचलतं. शाळेत हे शिकवायला वेगळा तास नसतो.

दिवसा लेकीला सांभाळायला ज्या मावशी येतात त्यांना वाचता येत नाही, ही तुझी अडचण. अडचण कसली त्यात? बिनशब्दांची चित्रपुस्तकं त्यांच्या हाती दे. खरं तर कुठलंही चित्रपुस्तक दे आणि सांग, मावशी, तुम्हाला दिसेल ती गोष्ट सांगा. त्यांच्या गावाकडची ओढ्याची, म्हशीची, जत्रेची गोष्ट त्या चित्रात शिरेल. आमच्या बालवाडीच्या मदतनीस बाई अंगठेबहाद्दर होत्या, आणि मुलं गोष्टीला त्यांच्याभोवती आधी जमायची, मग माझ्या. संध्याकाळी तू तेच पुस्तक वाचशील तेव्हा लेक तुला सुनावेल की मावशींच्या गोष्टीत असं नव्हतं. ते ऐकून घे, दोन गोष्टींची तुलना करतेय ती!

कानाची तयारी डोळ्याच्या आधी. बडबडगीतं, ओव्या, उखाणे, काहीही म्हण, तुझा गळा कसा आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. तीन-साडेतीनला ध्वनींचे खेळ सुरू कर, पुस्तकाशिवाय, भाजी निवडताना. ‘क’नं काय काय आहे आपल्याकडे? कांदा, कोथिंबीर, कढीपत्ता, काकडी. तिनं ‘बटाटा’ म्हटलं तर हसायचं नाही, ‘बटाटा ब-ब-बटाटा, तो ‘ब’च्या घरचा’ एवढंच म्हणायचं. मग टाळ्या: ‘भोप-ळा’, दोन टाळ्या, ‘को-थिं-बीर’, तीन. शेवटचा आवाज ओळखायचा खेळ त्याहून कठीण, तो चारच्या पुढे. भेंड्या खेळायच्या तर तो लागतोच. आणि मराठीतली एक खोच ध्यानात ठेव. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च सारखा लिहितात, बोलतात वेगळा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही च आहेत. ‘जीभ’ आणि ‘जग’ यांचंही तेच. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, पण अक्षर-आवाजाची जोडी नुकती जुळवणारं मूल तिथे अडखळतं. अडखळलं तर ते नीट ऐकतंय असं समज. सांगायचं, हे अक्षर दोन आवाज काढतं, आणि पुढे जायचं.

अक्षरांकडे वळायचं ते चारच्या पुढे, तिनं विचारलं की. बहुतेक मुलं विचारतात, आणि पहिलं विचारतात ते स्वतःच्या नावाचं. तिथूनच सुरुवात कर. तिच्या नावाचं पहिलं अक्षर, मग आईचं, बाबांचं, आजीचं. तक्त्यावरच्या क्रमाला धरून बसू नकोस. अ अननसाचा म्हणे! अननस आपल्या घरात वर्षातून कितीदा येतो? ऋषी तर एकदाही येत नाहीत. तक्ते छापणाऱ्यांना सगळे रकाने भरायचे असतात, आपल्याला नाही.

क्रमावरून आठवलं. आमच्या वेळी लिहायला शिकवायचे ते ‘ग म भ न’ असं, कारण त्या अक्षरांची वळणं एकमेकांतून निघतात आणि हाताला एकच वळण घोटून चार अक्षरं मिळतात. लिहिण्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच. वाचायला शिकवताना मात्र नेमकं उलट करायचं. म आणि भ एकाच दिवशी डोळ्यांसमोर ठेवले की गोंधळ ठरलेला. घ-ध, ब-व, प-ष, थ-य या जोड्याही तशाच. एक पक्कं होऊन महिना गेला की दुसरं आण. ख लिहिताना सुटा पडला की ‘रव’ दिसतो, त्यावर नुसतं हसून पुढे जावं. आधी दिसायला ठळक वेगळी अशी अक्षरं घे: क, ट, म, ल, स. ती चार-पाच झाली आणि जोडीला काना आला की ‘काका’, ‘मामा’, ‘माल’, ‘टाक’ एवढं वाचता येतं, आणि पहिल्यांदा स्वतः शब्द वाचणाऱ्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

वेलांटीचं जरा सबुरीनं घे. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसते आणि ऐकू येते अक्षराच्या पलीकडे. ‘कि’ वाचताना डोळ्याला वेलांटी आधी भेटते, जिभेला क आधी लागतो. म्हणून काना, मग दुसरी वेलांटी, मग मात्रा, उकार, आणि पहिली वेलांटी त्यांच्या मागून. रफार तर आणखी तिरपागडा: ‘सूर्य’ म्हणताना र आधी, लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरं आणि रफार शाळेवर सोड. घरी वाचताना ती येतातच, तू वाचून टाकायची.

आणि पेन्सिल? पेन्सिलीची घाई नको. तीन वर्षांच्या बोटांना रेघ धरवत नाही, मग मूठ आवळतात, मान वाकडी करतात आणि लिहिण्याचाच तिटकारा बसतो. बोटांना आधी कामाला लाव. मटार सोलू दे, शेंगा फोडू दे, कणकेच्या गोळीचे साप-लाडू करू दे, तांदळातले खडे वेचू दे (खडा दिसला की तिला जो आनंद होतो तो वेगळाच). दारात रांगोळीचे ठिपके टाक, जोडायचं काम तिचं. अक्षर ओळखीचं झालं की परातीत रवा पसरून त्यात बोटानं काढू दे. बालवाडीत आम्ही सुतारांचा पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर अक्षरं चिकटवायचो, मुलं डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायची. ही युक्ती मॉन्टेसरीबाईंची, आमची नव्हे. त्या १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे बरीच वर्षं इथेच राहिल्या, पण त्यांची पद्धत त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेकांकडे पोचली होती आणि तिथून ताराबाई मोडकांनी ती मराठीत आणली.

ताराबाईंचं नाव निघालंच आहे तर सांगते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली, पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तर या बायका शाळाच पाड्यावर, अंगणात घेऊन गेल्या. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर त्यांच्यामागे कुरणात गेल्या आणि तिथे कुरणशाळा भरवली. घरातही हेच करावं. लेक टेबलाखाली घर करून बसली असेल तर तू पुस्तक घेऊन टेबलाखाली शिर. ‘इकडे ये, नीट मांडी घालून बस’ असं म्हणून काही मिळत नाही. गॅलरीत, एसटीत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कुठेही. पर्समध्ये एक पातळ पुस्तक कायम असू दे.

घरात पुस्तकाखेरीजही छापलेलं-लिहिलेलं खूप असतं, तेही वापर. वाण्याची यादी तिच्यासमोर कर, मोठ्यानं म्हणत: गूळ, पोहे, साबण. यादीच्या शेवटी तिला तिचं काहीतरी ‘लिहू’ दे, रेघोट्या चालतील, आणि दुकानात तिला ती वाचून दाखवायला सांग. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे, गॅसची तारीख, बाईंची सुट्टी लिहितो आपण. तिथेच तिच्या चौकोनात मामा येणार त्या दिवशी लिही ‘मामा’. रोज किती चौकोन उरले ते बघेल. लिहिलेलं उपयोगाला येतं, त्यातून माणूस येतो, हे तिला कुठल्या तक्त्यावरून कळणार नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव ती रंगावरून ओळखते, त्याला वाचन म्हणू नकोस, पण खोडूही नकोस. सुरुवात तशीच होते.

पुस्तकं कुठली, याची मोठी यादी देत नाही, दोन-तीन वाटा दाखवते. माधुरी पुरंदऱ्यांची ‘राधाचं घर’ ही छोटी पुस्तकं आधी घे. शब्द त्यांचे, चित्रंही त्यांचीच, आणि घर अगदी आपल्यासारखं: माणसं कामं करतात, रागावतात, विसरतात. बोधाचा डोस नाही. मला बोध चिकटवलेली बालपुस्तकं सोसत नाहीत. ‘म्हणून मुलांनो’ असं शेवटच्या पानावर दिसलं की मी ते पान वाचतच नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं स्वस्त असतात आणि मराठीतही मिळतात. प्रथम बुक्सनं २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं, त्यावर मराठी गोष्टी फुकट आहेत, चार पायऱ्यांत लावलेल्या. पहिल्या पायरीच्या चार गोष्टी छापून आण, दुमडून मधोमध सुईदोऱ्यानं टाका घाल, पुस्तक तयार. वाचनालयाचं सभासदत्व काढ. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभाग असतो, तिथे लेकीला स्वतः निवडू दे, भले ती तिसऱ्यांदा डायनासोरच उचलेल. घरची पुस्तकं काचेच्या कपाटात नकोत. तिच्या उंचीला खिडकीपाशी दोरी बांध आणि पुस्तकं मधोमध उघडून दोरीवर टाक, मुखपृष्ठ समोर येईल अशी. पातळ असतील तर कपड्यांचा चिमटा लाव. कणा बाहेर करून लावलेलं पुस्तक न वाचणाऱ्याला दिसतच नाही.

पानं फाटणार. फाटलं की ओरडायचं नाही आणि पारदर्शक चिकटपट्टीही लावायची नाही, ती दोन वर्षांत पिवळी पडते आणि कडेनं धूळ धरते. खळ कर. एक चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न होता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरट होता होता पारदर्शक झाली की उतरवायची. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. पोरं असलेल्या घरात ते विष नको. पतंगाच्या पातळ पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फाडायची, कातरायची नाही, फाडलेल्या कडेचे धागे छान बसतात. फाटलेल्या कडा जुळवून त्यावर खळ अगदी पुसट लावायची, पट्टी ठेवायची, बोटानं आतून बाहेर दाबत जायचं. वर-खाली प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पाट ठेवून रात्रभर सोडायचं. अक्षरं पट्टीखालून वाचता येतात. हे सगळं लेकीला बरोबर घेऊन कर, खळ लावायचं काम तिचं. आमच्या बालवाडीत शनिवारी पुस्तकांचा दवाखाना भरायचा आणि डॉक्टर व्हायला मुलांत मारामारी. ज्यानं एकदा पान जोडलं तो सहसा पुन्हा फाडत नाही, फाडलं तरी स्वतः घेऊन येतो.

शाळा इंग्रजी माध्यमाची घेतलीत, त्यावर मी बोलणार नाही, तो तुमचा निर्णय. पण घरी इंग्रजी वाचायचं की मराठी, असं विचारशील तर ज्या भाषेत तू भांडतेस, लाड करतेस, स्वप्नं सांगतेस त्या भाषेत वाच. गोष्टीत मन घालणं, पुढचं ताडणं, आवाज सुटे करून ऐकणं हे एका भाषेत जमलं की दुसरीत नव्यानं शिकावं लागत नाही. इंग्रजी पुस्तक तिनं आणलं तर तेही वाच, मधूनमधून मराठीत गप्पा मारत. फक्त ‘ॲपल म्हणजे काय?’ असली उलटतपासणी नको.

मोबाइलवरची गोष्ट वाचायची तर फोन तुझ्या हातात, वाचणारी तू. आपोआप बोलणाऱ्या, उड्या मारणाऱ्या गोष्टींत पोरीला मध्ये बोलायला कुणी थांबत नाही, त्यातला मुख्य कस तिथेच जातो. आणि जावईबापूंनाही आठवड्यातले दोन दिवस नेमून दे. बाप वाघाचा आवाज जास्त बरा काढतात. वाचन हे आईचंच काम, असं पोरीच्या, आणि उद्या भाऊ झाला तर त्याच्याही डोक्यात बसायला नको.

शेजारचा कुणी साडेतीनला वाचतो असं ऐकलंस की तुझ्या पोटात गोळा येणार, मला ठाऊक आहे. चारला वाचणारं आणि साडेसहाला वाचणारं मूल चौथीत शेजारी शेजारी बसलेली मी बघितलीयत, ओळखू येत नाहीत. उलटी अक्षरं पहिलीपर्यंत लिहितातच. लक्ष द्यायचं ते वेगळ्या गोष्टींकडे: हाक मारल्यावर वळत नाही, सर्दी झाली की दिवसेंदिवस ऐकू येत नसल्यासारखी वागते, दोन वर्षांची होऊन दोन शब्द जोडत नाही. अशा वेळी थांबायचं नाही, कान तपासून घ्यायचे. आणि दुसरी-तिसरीत गेल्यावरही वाचताना घाम फुटत असेल तर तिला आळशी न म्हणता जाणत्या माणसाला दाखवायचं. वाचलंस तर चॉकलेट, नाही वाचलंस तर खेळायला नाही, यातलं काहीही करू नका. शिक्षा म्हणून गोष्ट बंद तर अजिबातच नको.

एक दिवस ती स्वतः वाचायला लागेल, आणि तिथे पुष्कळ घरं सुटल्यासारखी हात झटकतात: आता तुझं तू वाच. तसं करू नकोस. सहा-सात वर्षांचं मूल स्वतः वाचू शकतं त्याच्या कितीतरी पुढचं ऐकून समजतं, आणि ते पुढचं त्याला तुझ्याकडूनच मिळतं. तेव्हा मोठ्या गोष्टी काढ, रोज एक प्रकरण. मधेच हवं तर एक पान तू, एक पान ती. तिच्या पानावर ती अडली तर जरा थांब, पहिला आवाज सुचव, तरी नाही आलं तर शब्द सांगून टाक आणि वाक्य पुढे जाऊ दे.